तुझ्या मालकाला सांग

४ सप्टेंबर, पुलिकुचारा

प्रिय पंक्चर,

हे पत्र तुला आहे. तुझ्या मालकाला नाही. तुला वाचता येत नाही हे मला माहीत आहे, तेव्हा तिथं तुझ्या जवळपास ज्याला वाचता येत असेल त्याच्याकडून वाचून घे. तो माणूस कोण असेल याच्याशी मला काही देणंघेणं नाही.

आपल्या आदिवासी लोकांची रीत तुला ठाऊकच आहे. सासूनं जावयाशी बोलायचं नाही, त्याच्याकडे बघायचं नाही, त्याचं नाव घ्यायचं नाही. त्यानंही तेच पाळायचं. यात राग नसतो, मान असतो. माझी लिऑनी तुझ्या मालकाच्या घरात गेल्यापासून आम्ही दोघांनी तो मान असा ठेवला की तो दुकानात शिरला तर मी मागच्या दारानं बाहेर पडते. त्याचं नाक कसं आहे म्हणून विचारलंस तर मला सांगता यायचं नाही.

पण निरोपाचं काही अडलं नव्हतं. लिऑनी होती, आणि ती नसली की तू होतास. मी पाठ करून बसायची आणि तुला म्हणायची, "पंक्चर, कोणीतरी माझ्या गाडीचं मागचं चाक बघितलं तर बरं होईल बाबा." सकाळी चाक झालेलं असायचं. तू फार गुणी कुत्रा आहेस.

जुलैत तुझा मालक तुला ट्रकच्या मागं बसवून गेला, तो थेट वाळवंटाच्या पलीकडं, उंट पकडणाऱ्या कंपनीच्या कामावर. जाताना कोणाला काही बोलला नाही. लिऑनीला विचारलं तर ती माझ्यावरच उखडली. "आई, मी तुमचा टेलिफोन नाही. इतकी वर्षं तुमचे निरोप वाहून माझी जीभ झिजली. तो का गेला ते तुझ्या घराण्याला विचार." आता माझं घराणं म्हणजे मी आणि माझी बहीण विन्नी. आम्हा दोघींना काही माहीत नाही. म्हणून मिशनच्या शाळेत शिकलेलं अक्षर बाहेर काढून तुला लिहायला बसले.

काम असं आहे. दोन वर्षं पाऊस नाही. उंट खाली मैदानात आलेत. गेल्या रविवारी आम्ही चर्चमध्ये गाणं म्हणत होतो, तर एकानं खिडकीतून तोंड आत घातलं आणि विन्नीच्या वरच्या सुराला साथ दिली. दुसऱ्यानं बाहेरचा नळ मुळापासून उपटला. आम्ही हसून घेतलं, पण रात्रभर पाणी वाहून गेलं.

माझी काळजी नळाची नाही, टाक्याची आहे. कड्याच्या घळीतलं ते टाकं माझ्या बापाकडून माझ्या हाती आलंय. कड्यातल्या काळ्या पट्ट्याच्या वॉलाबी, त्या बुटक्या कांगारू, त्याच पाण्यावर जगतात, आणि या बाजूच्या डोंगरांत आता त्यांचा तेवढाच एक कळप उरलाय. पश्चिमेकडच्या टाक्याचं काय झालं ते तू स्वतः हुंगून आलायस. उंटांनी पाणी तळाला नेलं, तळाचं प्यायला एक आत उतरला, अडकला, मेला आणि सडला. पुढं वर्षभर तिथं चिमणीसुद्धा फिरकली नाही.

उंटांच्या पोटातलं तुझ्या मालकाला कळतं. त्याला विचार, काय करू.

लिऑनीची आई


२५ सप्टेंबर

प्रिय पंक्चर,

टपालाच्या विमानातून तुझं पत्र आलं. कुत्र्याच्या मानानं तुझं अक्षर फारच सुबक आहे. विन्नी म्हणाली, आपल्या गावातल्या क्लार्कपेक्षा बरं. तिथं ससे पुष्कळ आहेत आणि तू दिवसभर त्यांच्या मागं धावतोस हे वाचून बरं वाटलं. इथं असताना तू सावलीतून सावलीत जायलाही कंटाळा करायचास.

तुझा सल्ला मी दोनदा वाचला. उंट खोडी काढायला येत नाही, तहान लागली म्हणून येतो. नुसती घळ बंद केली तर तो कुंपण मोडेल. आधी मैदानातली जुनी बोअर चालू करा, तिथं हौद भरा, मग घळीच्या तोंडाला जाड पोलादी दोर लावा, खालून वॉलाबी जाईल एवढी फट ठेवा. आणि हौदाभोवती फक्त आतच उघडणाऱ्या दाराचं आवार केलं तर प्यायला आलेले उंट आपोआप कोंडले जातील, ट्रकनं नेता येतील. हे कुत्र्याला सुचलं म्हणजे नवलच.

इथं मंगळवारी सभा झाली. जमीन-खात्याचा माणूस आला होता. त्याचं म्हणणं, डिसेंबरात हेलिकॉप्टर आणतो, वरून गोळ्या घालतो, एका आठवड्यात मैदान मोकळं. म्हाताऱ्यांना आठवत होतं, मलाही आठवतं, आम्ही मिशनला पीठ आणायला उंटावरूनच जायचो. माझ्या बापाचा एक उंट होता, तो फक्त माझ्या आईचं ऐकायचा. विन्नी उठली आणि म्हणाली, येशूच्या जन्माला उंट आले होते, नाताळच्या महिन्यात तुम्ही त्यांना मारणार का. तो माणूस लाल झाला. त्याला वाटलं ती थट्टा करतेय. ती थट्टाच करत होती, पण पूर्ण नाही.

मी काय म्हणाले ते ऐक. मी म्हणाले, उंट स्वतःहून समुद्र पोहून आला नाही. त्याला गोऱ्यांनी आणलं, ओझं लादलं, मोटार आली तेव्हा सोडून दिलं. त्याच्यावर माझा राग नाही. पण वॉलाबीला दुसरीकडं जायला जागा नाही, आणि उंटाला आहे. मैदानात शेकडो उंट मरून पडलेले मला बघायचे नाहीत, आणि टाकं सडलेलंही बघायचं नाही. दोन्ही नको असेल तर काय करायचं ते सांगणारा माणूस वाळवंटापलीकडं कुत्रा घेऊन बसलाय, हे मात्र मी मनात म्हणाले.

एक वाईट बातमी. गुरुवारी मी टाकं साफ करायला गेले तर पाण्यात एक वॉलाबी बुडून मेलेली. पोटाच्या पिशवीत पिल्लू. पाणी खाली गेलंय, कडा उभ्या झाल्यात, पाय घसरला असेल. मी तिथंच बसून रडले. तसं मी टाकं चकचकीत ठेवते, बापानं शिकवल्यासारखं. पान नाही, काटकी नाही. मध्यंतरी कोणीतरी त्यात मल्गाच्या झाडाचं मोठं लाकूड टाकून जायचं. मी तीनदा ओढून काढलं. तिसऱ्यांदा तर तारेनं खडकाला बांधलेलं होतं, मी तार तोडली. गावातली कार्टी असतील. आता बंद झालंय.

लिऑनीची आई


१९ ऑक्टोबर

प्रिय पंक्चर,

या खेपेला तुझं पत्र चार ओळींचं होतं. त्यात सशांचं काही नव्हतं. "ते लाकूड पोरांनी टाकलं नव्हतं. पाणी खाली गेलं की आत पडलेल्या जनावराला वर चढता यावं म्हणून टाकलं होतं. तीनदा काढलं तेव्हा आम्ही समजलो की ज्यांचं पाणी आहे त्यांना आमचा हात तिथं लागायला नकोय. म्हणून आम्ही निघालो."

मी ते वाचलं आणि दारातच बसले. विन्नीनं माझ्या हातातून कागद घेतला, वाचला, आणि आधी हसायला लागली. मग मीही हसले. मग मला हसू आवरेना आणि त्यातच रडू आलं.

माझं डोकं बघ कसं चालतं. मी गुरुवारी टाक्यावर जाते हे तुझ्या मालकाला ठाऊक, म्हणून तो मानानं सोमवारी जायचा. तो सोमवारी जातो हे मला ठाऊक, म्हणून मी त्या दिवशी त्या वाटेकडं तोंडसुद्धा करत नसे. तो सोमवारी लाकूड ठेवणार, मी गुरुवारी काढणार. दोघंही एकाच वॉलाबीच्या काळजीनं. दुसऱ्या कुठल्याही गावात सासू-जावई टाक्यावर भेटले असते, भांडले असते, आणि दहा मिनिटांत मामला मिटला असता. आम्ही मात्र इतके रीतीचे की एक अवाक्षर न बोलता एकमेकांना हाकलून दिलं.

मी आणि विन्नीनं काल ते लाकूड परत टाकलं. आमच्या दोघींच्या वयाची बेरीज करू नकोस. ढकलताना विन्नी चिखलात बसली आणि मला म्हणाली, "तुझा जावई परत आला की त्याला सांग, पुढच्या वेळी हलकं लाकूड निवड." सांगशील ना?

आता पुढचं नीट वाचून घे, हळू वाचायला सांग. दुसऱ्याच्या पाण्यावर बोलावल्याशिवाय कोणी हात लावत नाही, आणि तुझ्या मालकाला आजवर तसं कोणी बोलावलं नाही. बोलावण्याचा हक्क माझ्या बापाचा होता, मग माझ्या भावांचा, ते सगळे गेले. आता मी आहे. म्हणून मी म्हणते, तुझ्या मालकानं माझ्या बापाच्या पाण्यावर यावं. लाकूड टाकावं, दोर लावावा, जे करायचं ते करावं. कोणी विचारलं तर माझं नाव सांगावं.

लिऑनीची तुझ्या मालकाबद्दल एक शब्द काढायची तयारी नाही. मात्र त्याची फुटबॉलची निळी जर्सी तिनं या महिन्यात तीनदा धुतली. ती धुण्यासारखी मळली कधी, ते मी विचारलं नाही.

लिऑनीची आई


१२ नोव्हेंबर

प्रिय पंक्चर,

"विचार करतोय" हे काय उत्तर झालं? कुत्र्यानं एवढा विचार करायचा नसतो.

ऊन इतकं आहे की दुपारी कावळेसुद्धा चोच उघडी टाकून बसतात. उंट आता घरांत शिरतात. परवा शाळेच्या कूलरची पाइप चावून काढली, कुठून पाण्याचा वास येतो तेवढंच त्यांना कळतं. क्वांडाँगची झाडं ओरबाडून काढलीत, यंदा लाल फळ एक दिसणार नाही, म्हणजे एमूलाही नाही आणि माझ्या मुरंब्यालाही नाही. आणि काल घळीच्या तोंडाशी मला एका मोठ्या नराच्या पावलांचे ठसे दिसले. आत आला नाही, वास घेऊन गेला. तो बाकीच्यांना घेऊन येणार.

आम्ही दोघींनी बोअरचा पंप उघडला. उघडता आला. आता त्याचे तुकडे चादरीवर मांडून ठेवलेत आणि कुठला कुठं बसतो ते देव जाणे.

जमीन-खात्यानं हेलिकॉप्टरची तारीख दिली आहे, दहा डिसेंबर. त्याआधी हौद आणि आवार चालू दिसलं तर आमचं मैदान सोडून देऊ म्हणाले. नाही दिसलं तर गोळ्या. आणि त्याआधी उंट टाक्यात उतरले तर गोळ्या घालूनही काही उपयोग नाही, वॉलाबी संपल्या.

मी आर्जव करायच्या वयाची नाही. तरी करते. मालकाला घेऊन ये.

लिऑनीची आई


३० नोव्हेंबर
(बोअरजवळच्या सपाट दगडाखाली)

प्रिय पंक्चर,

आलात. ट्रकचा आवाज मी अंथरुणातून ओळखला आणि उशीत तोंड घालून हसले. लिऑनी दारात उभी राहून म्हणाली, "मी काही त्याची वाट बघत नव्हते," आणि केस विंचरायला आत गेली.

काम छान चाललंय. पंप तिसऱ्या दिवशी सुरू झाला. तुझ्या मालकाला सांग की चादरीवर दोन तुकडे उरलेत. ते महत्त्वाचे होते का, असं विन्नी विचारते.

घळीजवळ मध्ये ताडपत्री बांधायची कल्पना चांगली होती. त्या बाजूला तो खांब रोवतो, या बाजूला आम्ही दगड रचतो, आणि लिऑनी कधी इकडं कधी तिकडं. तोंडानं म्हणते की मी टेलिफोन नाही, पण मी पाहिलं, तिकडून परत येताना ती हसत असते. काल तिनं निरोप आणला, "तो म्हणतो आईंनी उन्हात जड दगड उचलू नयेत." मी निरोप पाठवला, "आई म्हणतात, आईंना शिकवू नये." तिकडून हसल्याचा आवाज आला. मी ऐकला नाही असं समज.

तुझ्यासाठी कांगारूच्या शेपटीचं हाड तीनदा ठेवलं. तीनही मुंग्यांनी खाल्लं. तू माझ्याकडं येत का नाहीस? ट्रकमधून उतरतही नाहीस म्हणे. पत्रात मात्र लिहितोस, "पाय दुखतात, म्हातारा झालोय." ये एकदा. ओरडणार नाही.

लिऑनीची आई


१४ डिसेंबर

प्रिय,

या वेळी नाव लिहीत नाही. का ते पुढं कळेल.

उंट सात तारखेला पहाटे आले. मैदानात आधी धूळ दिसली, मग माना. दोर बांधून झाला होता, पण हौद आदल्या दिवशीच पुरा झाला होता, त्यात पाणी पहिल्यांदाच चढत होतं आणि त्यांना अजून त्याची सवय नव्हती. टाक्याच्या पाण्याचा वास जुना होता, तिकडंच ते निघाले. लिऑनी आणि विन्नी पंपावर. तुझा मालक घळीच्या तोंडाशी, हातात घोंगडी घेऊन, त्यांना मैदानाकडं वळवत. मी वर कड्यावर, खडकाआड, त्याच्याकडं पाठ करून. ठरल्याप्रमाणं.

पुढचे उंट दोराला येऊन भिडले. दोर गुणगुणला, ताणला, टिकला. ते थबकले, वळले. मला खाली बघायचं नव्हतं, पण मी बाजूला बघत होते, आणि बाजूनं तो मोठा नर येत होता. तोंडाला फेस, वाकडी मान. दगडांच्या फटीतून, तुझ्या मालकाच्या मागून. त्याला तो दिसणं शक्य नव्हतं. निरोप न्यायला माझ्याजवळ कोणी नव्हतं.

मग मी तेच केलं जे आजवर केलं. तुझं नाव घेऊन ओरडले, कड्यात घुमेल असं. "तुझ्या मालकाला सांग, डाव्या हाताला, मागून!"

तो वळला. एका उडीत खडकावर चढला, घोंगडी नराच्या डोळ्यांवर फेकली. नर गोंधळला, फिरला, आणि त्याच्यामागं सगळा कळप खाली उतरला, जिथं हौदाचं पाणी एव्हाना काठाला आलं होतं. ते पीत राहिले, पीत राहिले. विन्नीनं आवाराचं दार ओढून घेतलं.

मी खडकाला टेकून बसले. आणि मग माझ्या ध्यानात आलं की एवढ्या गोंधळात तू एकदाही भुंकला नाहीस.

संध्याकाळी मी लिऑनीला विचारलं. ती म्हणाली, "आई, तो सप्टेंबरातच गेला. झोपेत. तुझं पहिलं पत्र पोचलं त्याच्या आदल्या दिवशी यानं त्याला तिथं वाळूत पुरला होता."

मी विचारलं, "मग मला सांगितलं का नाही?"

ती म्हणाली, "तो म्हणाला, कुत्रा मेला असं कळवलं तर आईंना लिहायला कोणी उरणार नाही."

म्हणजे ससे, सुबक अक्षर, दुखणारे पाय, सगळं एका मेलेल्या कुत्र्याचं. तुझ्या मालकानं हातातलं फावडं ठेवलं, माझं पत्र उघडलं, आणि तुझ्यासाठी रडून झाल्यावर मला सशांची गंमत लिहायला बसला. मला लाज वाटू नये म्हणून. त्याच्याबद्दल मला काय वाटतं ते इतकी वर्षं सांगायची सोय नव्हती. आता सांगते. माझ्या पोटचा मुलगा असता तर तो याहून चांगला नसता.

आपल्यात माणूस गेला की त्याचं नाव कोणी घेत नाही. कुत्र्यासाठी असं कोणी करत नाही. मी करणार आहे. त्या दिवशी कड्यावरून ओरडले ते शेवटचं.

हेलिकॉप्टर आलं नाही. जमीन-खात्याचा माणूस आला, आवार बघून गेला. उंटांचे दोन ट्रक दक्षिणेकडं गेले, तिसरा सोमवारी. काही सुटलेत, ते हौदावर येतील, त्यांच्याशी पुढं बघू. टाक्यातलं पाणी नितळ आहे. कड्याखालच्या वाळूत वॉलाबीचे ठसे आहेत, त्यात काही अगदी बारके.

आता शेवटचं काम. माझे गुडघे घळ चढायला कुरकुर करतात. ते टाकं लिऑनीचं आहेच, तिच्या मुलांचं आहेच. पण माझ्यानंतर ते राखायचं कोणी, हे मी ठरवलंय. तुझ्या मालकानं. सोमवारीही त्यानं जावं आणि गुरुवारीही त्यानंच जावं.

हे पत्र मी नेहमीच्या दगडाखाली ठेवते आहे. तू तर येणार नाहीस. जो उचलेल त्यानं वाचावं, आणि उत्तर लिहायची गरज नाही. त्या दिवशी मी तुझं नाव घेऊन हाक मारली, आणि वळला तो.

लिऑनीची आई, आणि त्याचीही